फाट्याआधीचा एक मैल: ब्रिटनच्या मोटरवेवरील दिशाफलक कसे वाचावेत

ब्रिटनच्या मोटरवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती मार्गावर, कोणताही फाटा चालकासमोर अचानक येऊन उभा राहत नाही. जंक्शनच्या साधारण 1 मैल आधी रस्त्याच्या कडेला एक मोठा निळा फलक लागतो, अर्धा मैल उरला की दुसरा लागतो, त्यानंतर तीन, दोन आणि एक अशा तिरक्या पांढऱ्या पट्ट्या असलेले तीन छोटे फलक ओळीने येतात आणि फाटा जिथे प्रत्यक्ष सुरू होतो त्या सुमारास अंतर न लिहिलेला आणखी एक मोठा फलक दिसतो. नवख्या चालकाला यात बरीचशी पुनरुक्ती वाटण्याची शक्यता असते, कारण तीच गावे आणि तेच रस्ताक्रमांक पुन्हा पुन्हा समोर येतात. परंतु फलकांमधील ही अंतरे सोयीच्या पूर्णांकांवरून सहज ठरलेली नाहीत. डोळ्याला ओळखायला, मनाला ठरवायला आणि हाताला कृती करायला लागणारा वेळ त्यांच्यामागे आहे. तो समजला, की अनोळखी मोटरवेवरही चालकाला घाई करण्याचे कारण उरत नाही.

मराठी वाचकांपैकी अनेकांना हे प्रत्यक्ष उपयोगी पडणारे आहे. भारतातील वैध वाहन परवाना असलेल्या व्यक्तीला ब्रिटनमध्ये गेल्यावर पहिले 12 महिने त्याच परवान्यावर मोटार चालवता येते, आणि शिक्षण, नोकरी किंवा मुलांकडचा मुक्काम अशा निमित्ताने गेलेले अनेक जण ती चालवतातही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने गाडीचा सराव लवकर होतो आणि फाटाही सहसा डावीकडेच फुटतो. गोंधळ होतो तो अंतरांचा. मोटरवेवरील फलकावर अंतराच्या आकड्यानंतर इंग्रजी ‘एम’ हे अक्षर असते तेव्हा ते मैल दर्शवते, मीटर नव्हे. मैलाच्या सोप्या अपूर्णांकांत न बसणारी छोटी अंतरे यार्डांत दिलेली असतात, आणि 1 यार्ड म्हणजे 1 मीटरपेक्षा थोडे कमी, 0.9144 मीटर.

आता ही अंतरे सेकंदांत मांडून पाहू, कारण चालकाच्या दृष्टीने तेच त्यांचे खरे माप आहे. मोटरवेवर मोटारींसाठी ताशी 70 मैलांची, म्हणजे सुमारे 113 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. या वेगाने गाडी दर सेकंदाला 31 मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. त्यामुळे 1 मैलाच्या फलकापासून फाट्यापर्यंत सुमारे 51 सेकंद मिळतात, अर्ध्या मैलाच्या फलकापासून 26 सेकंद, तीन पट्ट्यांच्या फलकापासून जेमतेम 9 सेकंद, आणि त्यानंतरची एकेक पट्टी 3 सेकंदांच्या आत मागे पडते. पावसामुळे वाहतूक ताशी 50 मैलांवर आली असेल, तर तोच मैल 72 सेकंदांचा होतो. फलकावरचा आकडा बदलत नाही, पण त्याने दिलेली सवड वेगाप्रमाणे कमीजास्त होते, हे लक्षात ठेवावे.

51 सेकंद ऐकायला भरपूर वाटतात. ते प्रत्यक्षात किती पुरतात, हे एका साध्या हिशेबाने पाहता येते. समजा, मोटार मधल्या लेनमधून ताशी 70 मैलांनी चालली आहे आणि डाव्या लेनमध्ये तीन मोठे ट्रक एकामागोमाग आहेत. ब्रिटनमधील अवजड ट्रकांवर वेगनियंत्रक बसवलेला असतो आणि तो त्यांना ताशी 56 मैलांच्या, म्हणजे 90 किलोमीटरच्या आसपास रोखतो. दोघांच्या वेगातील फरक ताशी 14 मैलांचा, म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटरांचा. जोडट्रकाची लांबी साधारण साडेसोळा मीटर धरली आणि दोन ट्रकांमध्ये पन्नास मीटरांचे अंतर मानले, तर ही रांग दीडशे मीटरांची होते. ती ओलांडायला 24 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात मोटार 750 मीटर पुढे गेलेली असते. अर्धा मैल म्हणजे 805 मीटर. म्हणजे अर्ध्या मैलाच्या फलकापाशी ही रांग ओलांडायला सुरुवात करणारा चालक ती संपवतो तेव्हा फाटा जवळजवळ येऊन ठेपलेला असतो, आणि पहिल्या ट्रकच्या पुढे सुरक्षित अंतर ठेवून डावीकडे येण्याइतकी जागाच उरत नाही. ट्रकच्या नाकासमोर गाडी तिरकी घालून फाट्यात शिरण्याचे जे प्रकार दिसतात, त्यांतील अनेकांचे मूळ असल्या चुकलेल्या हिशेबात असते.

म्हणूनच माझ्या मते 1 मैलाचा फलक हा या मालिकेतील सर्वांत मोलाचा फलक आहे, जरी नवख्या चालकाचे लक्ष शेवटच्या पट्ट्यांकडे अधिक जात असले तरी. तो दिसला आणि फाटा आपलाच आहे हे कळले, की ओव्हरटेक करणे थांबवावे आणि ट्रकांच्या मागेच डावी लेन धरावी. अर्ध्या मैलाच्या फलकापर्यंत गाडी शक्यतो डाव्या लेनमध्ये आलेली असावी. पट्ट्यांचे फलक सुरू होतात तेव्हा लेन बदलण्याची वेळ बहुतेक टळून गेलेली असते. तिथे फक्त डावा इंडिकेटर देणे आणि फाटा नेमका कुठे उघडतो ते पाहणे एवढेच काम उरते.

या पट्ट्यांचा अर्थ सरळ आहे. एक पट्टी म्हणजे 100 यार्ड, म्हणजे तीन पट्ट्या 300 यार्डांवर, दोन 200 वर आणि एक 100 वर. त्यांवर एकही अक्षर किंवा आकडा नसतो, आणि हेच त्यांचे बळ आहे, कारण इथवर पोहोचलेल्या चालकाला वाचायला लावणेच धोक्याचे असते. धुक्यात किंवा रात्रीच्या पावसात अक्षरे पुसट झाली तरी पट्ट्या मोजता येतात. मोटरवेवर त्या निळ्या फलकावर पांढऱ्या असतात, प्रमुख महामार्गांवर हिरव्या फलकावर पांढऱ्या आणि इतर रस्त्यांवर पांढऱ्यावर काळ्या.

एकच माहिती दोन-तीन वेळा देण्याचे दुसरे कारण भूमितीचे आहे. चालकाने नजर रस्त्यावरून फार बाजूला वळवू नये म्हणून फलकांची रचना करताना असे गृहीत धरतात, की फलक गाडीच्या दिशेशी सुमारे 10 अंशांपेक्षा जास्त कोनात गेला की तो वाचून झालेला असला पाहिजे. फलकाचे मध्य चालकाच्या रेषेपासून 8 मीटर बाजूला असेल, तर ही मर्यादा फलकाच्या सुमारे 45 मीटर आधीच येते. तोच चालक दोन लेन उजवीकडे असेल, तर बाजूचे अंतर 15 मीटरांच्या घरात जाते आणि वाचन सुमारे 85 मीटर आधीच संपवावे लागते. त्यात मधल्या किंवा डाव्या लेनमध्ये उंच ट्रक असला, तर कडेचा फलक पूर्णच झाकला जातो. एक फलक ट्रकच्या आड गेला तरी दुसरा दिसावा, ही पुनरुक्तीमागची साधी आणि अत्यंत योग्य अशी दूरदृष्टी आहे. वाहतूक दाट असलेल्या रुंद मोटरवेंवर फलक रस्त्यावरच्या आडव्या कमानींवर चढवतात, तेही याच कारणाने. डोक्यावरचा फलक ट्रकच्या आड सहसा जात नाही आणि कोणत्याही लेनमधून तो जवळपास समोरच दिसतो.

हे सारे घडवणाऱ्या माणसांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण आज आपण जे गृहीत धरतो ते एकेकाळी कोणाला तरी शून्यापासून ठरवावे लागले होते. ब्रिटनचा पहिला मोटरवे म्हणजे प्रेस्टन बायपास. तत्कालीन पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी 5 डिसेंबर 1958 रोजी त्याचे उद्घाटन केले. त्यापूर्वीच्या ब्रिटिश रस्त्यांवरील फलक छोटे आणि गर्दीचे होते, आणि मोटरवेच्या वेगात ते वाचता येणार नाहीत हे उघड होते. म्हणून 1957 मध्ये सर कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार समिती नेमण्यात आली आणि फलकांच्या रचनेचे काम जॉक किनीर या रचनाकाराकडे आले. मार्गारेट कॅल्व्हर्ट ही त्यांची चेल्सीच्या कलाशाळेतील विद्यार्थिनी. तिला त्यांनी साहाय्यासाठी सोबत घेतले. त्यांचे फलक प्रेस्टन बायपासवर प्रत्यक्ष वापरून पाहिले गेले, 2 नोव्हेंबर 1959 रोजी खुल्या झालेल्या एम1 या मोटरवेवर ते मोठ्या प्रमाणावर लागले, आणि पुढे सर वॉल्टर वर्बॉइज यांच्या समितीच्या शिफारशीनंतर त्याच दोघांनी इतर सर्व रस्त्यांचे फलकही नव्याने घडवले. ते 1 जानेवारी 1965 पासून अमलात आले.

किनीर यांनी कामाचा क्रम उलटा केला, आणि मला त्यांचे सर्वांत मोठे योगदान तेच वाटते. आधी फळीचा आकार ठरवून तीत नावे कोंबण्याऐवजी त्यांनी आधी अक्षराचा आकार ठरवला. या वेगात, इतक्या अंतरावरून ओळखू येईल असे अक्षर केवढे हवे, हा पहिला प्रश्न होता. अक्षराच्या रेषेची जाडी हे मोजमापाचे एकक धरण्यात आले. लहान लिपीतील ‘एक्स’ या अक्षराची उंची अशा चार जाड्यांची असते, आणि शब्दांमधली मोकळी जागा, कडेची किनार, आकृतीतील रेषांची रुंदी हे सगळे याच एककाच्या पटीत मोजले जाते. प्रत्येक अक्षर ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवलेले असल्याने देशातल्या कोणत्याही कारखान्यात फलक बनवला तरी अक्षरांमधले अंतर सारखेच राहते. फळी किती मोठी करायची, हे या सगळ्या मांडणीनंतर आपोआप ठरते. मोटरवेवरचे फलक पहिल्यांदा पाहणाऱ्याला अवाढव्य वाटतात, ते यामुळेच.

त्या अक्षरांना ‘ट्रान्सपोर्ट’ असे नाव आहे. लहान लिपीतील ‘एल’च्या तळाला त्यांनी छोटासा बाक दिला, जेणेकरून तो आकड्यातील 1 किंवा मोठ्या लिपीतील ‘आय’ वाटू नये. स्थळनामांचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत आणि उरलेली लहान लिपीत ठेवल्याने प्रत्येक नावाला वरखाली डोकावणाऱ्या रेषांमुळे स्वतःची बाह्याकृती मिळते आणि सरावाचे नाव अक्षरे सुटी न वाचताही ओळखू येते, असा त्यांचा विचार होता. शिलालेखकार डेव्हिड किंडर्स्ली यांनी याला जाहीर हरकत घेतली आणि केवळ मोठ्या लिपीतील, टोकांना सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या रेषा, असलेली अक्षरे सुचवली. वादाचा निकाल लावण्यासाठी रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ऑक्सफर्डशायरमधील बेन्सनच्या विमानतळावर चाचणी घेतली. मोटारीवर चढवलेले फलक बसून असलेल्या वायुदलाच्या स्वयंसेवकांच्या दिशेने आणले जात आणि कोणता फलक किती दुरून वाचता आला याची नोंद होई. किनीर यांची अक्षरे या चाचणीत निर्विवाद जिंकली असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. किंडर्स्ली यांची अक्षरे किंचित अधिक दुरून वाचली गेली, परंतु फरक इतका थोडा होता की निवड दिसण्याच्या निकषावर करण्यात आली. माझ्या दृष्टीने यामुळे किनीर यांच्या कामाचे महत्त्व कमी होत नाही, कारण त्यांनी दिलेली गोष्ट अक्षरांपुरती नव्हती. मांडणीची संपूर्ण व्यवस्था त्यांनी दिली.

त्या मांडणीचा नमुना म्हणून एम1 च्या जंक्शन 25 कडे पाहू. तिथून ए52 हा रस्ता एका बाजूला नॉटिंगहॅमकडे आणि दुसऱ्या बाजूला डर्बीकडे जातो. फलकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत पांढरा 25 हा आकडा असतो. निळ्या पार्श्वभूमीवर एक जाड पांढरी रेषा तळातून वर जाते, ती म्हणजे मोटरवे, आणि तिच्यातून डावीकडे एक रेषा फुटते, तो म्हणजे फाटा. फुटलेल्या रेषेजवळ लिहिलेले रस्ते आणि गावे फाट्याने मिळतात, सरळ रेषेच्या डोक्याशी लिहिलेली पुढे गेल्यावर मिळतात. मोटरवेवरचे रस्ताक्रमांक उंच आणि अरुंद अशा वेगळ्या आकड्यांत असतात, त्यामुळे ते गावांच्या नावांत मिसळत नाहीत. एखादा क्रमांक कंसात असेल, तर तो रस्ता या जंक्शनवर थेट लागत नाही, या वाटेने पुढे गेल्यावर लागतो, असा त्याचा अर्थ. उत्तर, नैऋत्य अशी प्रदेशांची नावे मोठ्या लिपीत लिहिली जातात, म्हणजे ती गावांपासून वेगळी ओळखता येतात. तपकिरी फलक पर्यटनस्थळांचे असतात.

अनोळखी भागात प्रवास करणाऱ्याने निघण्यापूर्वी गावाच्या नावापेक्षा जंक्शनचा क्रमांक लक्षात ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. ब्रिटिश स्थळनामांचे उच्चार आणि लेखन यांचा मेळ आपल्याला सहज बसत नाही, आणि आपले इच्छित गाव लहान असेल तर ते मोटरवेच्या फलकावर असतेच असे नाही. क्रमांक मात्र प्रत्येक मोठ्या फलकावर ठरलेल्या कोपऱ्यात असतो आणि एका नजरेत सापडतो. शिवाय आधीच्या जंक्शनचा क्रमांक पाहिला, की आपले जंक्शन अजून किती दूर आहे याचा अंदाजही येतो.

काही ठिकाणी नेहमीचा क्रम मोडावा लागतो. शहरांजवळ दोन जंक्शने इतकी जवळ असतात, की 1 मैल आधी फलक लावला तर तो आधीच्या जंक्शनच्याही आधी येईल आणि चालक चुकीच्या फाट्यात शिरेल. अशा वेळी दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश मैल अशी अंतरे वापरतात. त्यामुळे आकडा न वाचता ‘हा पहिला फलक, म्हणजे अजून मैल आहे’ असे गृहीत धरणे चुकीचे ठरते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे डावी लेनच मोटरवेपासून वेगळी होणे. इथे फाट्यासाठी नवी लेन उघडत नाही, तर आपण ज्या लेनमध्ये निवांत चाललो आहोत तीच दुसऱ्या रस्त्यावर निघून जाते. अशा जागी कमानीवरील फलकांवर प्रत्येक लेनच्या वर खाली रोखलेले बाण असतात. खाली रोखलेला बाण म्हणजे ‘या ठिकाणी जायचे असेल तर आताच ही लेन धरा’ अशी सूचना, आणि वरच्या दिशेने तिरका असलेला बाण म्हणजे पुढच्या जंक्शनवर बाहेर पडून मिळणारी ठिकाणे. हा फरक ज्याला ठाऊक नाही, तो सरळ जायचे असूनही डाव्या लेनमध्ये राहतो आणि शेवटच्या क्षणी उजवीकडे उसळतो.

लंडनभोवतीच्या एम25 वर, केंट परगण्यातील सेव्हनओक्सजवळच्या जंक्शन 5 ला, तर याच्याही पुढची गोष्ट आहे. घड्याळाच्या उलट दिशेने जाताना समोरचा सरळ रस्ता एम26 होतो, आणि एम25 वरच राहायचे असेल तर डावीकडच्या फाट्याने बाहेर पडावे लागते. ‘सरळ जात राहिलो म्हणजे आपला रस्ता सुटणार नाही’ हा आपला स्वाभाविक समज तिथे उपयोगाचा नाही. फलकावरची आकृती आणि तिच्यावरचा क्रमांक यांवर विश्वास ठेवणे हाच तिथला मार्ग आहे.

महाराष्ट्रातील द्रुतगती मार्गांवर अंतरे किलोमीटर आणि मीटरांत असतात, पण सेकंदांचा हिशेब तोच लागू पडतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींसाठी ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने 1 किलोमीटर 36 सेकंदांत संपतो. समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने तोच किलोमीटर 30 सेकंदांचा होतो. खालापूर, लोणावळा किंवा तळेगावचा फाटा घ्यायचा असेल, तरी ट्रकांची रांग ओलांडण्याचा मोह कधी आवरायचा याचे उत्तर याच आकड्यांत आहे.

फाटा चुकलाच, तर थांबणे, मागे येणे किंवा मधला दुभाजक ओलांडणे यांपैकी काहीही करता येत नाही. ब्रिटनच्या महामार्ग संहितेचा 263 वा नियम स्पष्ट सांगतो, की पुढच्या फाट्यापर्यंत जात राहावे. तिथून बहुतेक वेळा पुलावरच्या गोल चौकातून वळून उलट दिशेचा मोटरवे धरता येतो, परंतु सगळीच जंक्शने चारही दिशांना जोडलेली नसतात, तेव्हा चौकातील फलक पाहूनच वळावे. जंक्शन ओलांडल्यावर मोटरवेवर पुढच्या गावांची अंतरे देणारा एक फलक लागतो. योग्य रस्त्याला लागलो आहोत की नाही, याची खात्री तिथे होते.

फाट्यात शिरल्यावरची एक गोष्ट मात्र कोणताही अंतराचा फलक सांगत नाही. बराच वेळ ताशी 70 मैलांनी चालवल्यावर वेगाची जाणीव बोथट होते. संहितेचा 273 वा नियम बजावतो, की अशा वेळी ताशी 50 मैलांचा वेग 30 सारखा भासू शकतो. स्लिप रोड, म्हणजे मोटरवेवरून बाहेर नेणारा जोडरस्ता, काही ठिकाणी झपकन वळतो आणि अनेकदा त्याच्या शेवटी गोल चौक किंवा सिग्नल असतो, जिथे वाहने थांबलेली असू शकतात. म्हणून मोटरवेची लेन सुटली की ब्रेक किती लावायचा हे अंदाजाने न ठरवता स्पीडोमीटरकडे पाहून ठरवावे.